सुतावरून वस्त्र

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मागच्या वर्षी मुलांनी एक एकांकिका बसवली होती. 'गाथासप्तशती'तील गावजीवनावरून त्यांनी ती स्वतःच रचली होती आणि पनवेलसारख्या गावात, जिथे संमेलन म्हटले की लावणीच्या रीमिक्सशिवाय पान हलत नाही, तिथे मुलांना हालाची आठवण व्हावी याचेच मला अप्रूप होते. मराठी विभागाचा म्हणून मार्गदर्शक मी. संहिता झाली, तालमी सुरू झाल्या आणि मग वेशभूषेचा प्रश्न आला. नाटकांना कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून दोन गाठोडी आली. त्यांतून जरीकाठाची चकचकीत धोतरे, सोनेरी कागदाचे कमरपट्टे आणि स्त्रियांसाठी लाल-हिरव्या तयार शिवलेल्या नऊवाऱ्या निघाल्या. उरणकडून येणारी द्वितीय वर्षाची एक मुलगी ते सारे उलटेपालटे करून पाहत होती. ती म्हणाली, "सर, हे लोक असेच कपडे घालायचे, हे आपल्याला कशावरून माहीत?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "अजिंठ्यावरून." वीस वर्षे शिकवण्याची सवय झाली की उत्तर प्रश्नाआधी तयार असते. मुलीचे समाधान झाले. माझेही झाले होते. इतिहास विभागातले एक ज्येष्ठ सहकारी शेजारीच चहा पीत होते. मुले गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्ही ज्या चित्रांविषयी बोलताय ती पहिल्या लेण्यातली. वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. तुमचा हाल सातवाहन. मधल्या अंतराचे काय?" नवव्या आणि दहाव्या लेण्यांत जुन्या चित्रांचे अवशेष आहेत, पण ते किती पुसट आणि किती तुटक आहेत हेही त्यांनी सांगितले. आज कोणी पेशवाईतील पोशाख दाखवण्यासाठी आपल्या लग्नाचा अल्बम पुढे करावा, तसे माझे उत्तर होते.

त्या संभाषणापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. प्राचीन माणसाचे वस्त्र आपण पुन्हा उभे करतो ते कशाच्या आधारावर? आणि साहित्याच्या माणसाचा त्यात काही अधिकार आहे की नाही? मला वाटते, आहे. आणि तो आपण वापरलेला नाही.

आधी पुराव्याकडे वळू. कापड कुजते. आपल्या हवेत तर ते फारच लवकर कुजते. कोकणातल्या कोणत्याही घरी पावसाळ्यानंतर ट्रंक उघडून पाहावी. आजीची पैठणी घडीवर कशी विरते हे सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. त्यामुळे प्राचीन महाराष्ट्रातील प्रत्यक्ष वस्त्राचा पुरावा शोधू गेल्यास हाती जवळजवळ काहीच लागत नाही. 'जवळजवळ' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण जे लागते ते विलक्षण आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे उत्खनन केले. त्याचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध झाला. त्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी मिळणे नवलाचे नाही. नवल हे की मण्यांच्या भोकांत दोरा शिल्लक होता.

तो दोरा टिकला तो तांब्यामुळे. तांब्यावर गंज चढताना जे क्षार तयार होतात ते जिवाणूंना मारक असतात. धातूला चिकटून असलेला तंतू त्यांच्यात मुरतो आणि सडण्यापासून वाचतो. ज्या धातूला आपण घासून लखलखीत करतो, त्याच्या गंजानेच तीन हजारांहून अधिक वर्षे हे सूत सांभाळले. दोऱ्याची तपासणी अ. ना. गुलाटी यांनी केली आणि त्यात रेशमाचे व कापसाचे तंतू असल्याचा निर्वाळा दिला. हेच गुलाटी पूर्वी टर्नर यांच्याबरोबर मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेल्या सुती कापडाच्या तपासणीत होते. तीही तपासणी माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत झाली आणि १९२८ साली तिची पुस्तिका निघाली. सिंधू संस्कृतीचा कापूस ओळखला गेला तो दादरच्या पुढच्या स्टेशनाजवळ, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना माहीत असते? ती संस्था आजही तिथेच आहे. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या चांडोली येथेही दफनातील तांब्याच्या मण्यांत दोरा मिळाला. तो जवसाच्या, म्हणजे अळशीच्या तंतूंचा निघाला.

कापूस, रेशीम, जवस. तीन तंतू, दोन नद्या, काही मणी. आणि मग काय होते पाहा. 'जोर्वे संस्कृतीचे लोक सुती, रेशमी आणि तागाची वस्त्रे वापरीत' असे एक वाक्य तयार होते. मी स्वतः ते वर्गात उच्चारलेले आहे. त्यात खोटे काय? खोटे असे की नेवाशाला मिळालेला दोरा हा वस्त्राचा नाहीच; तो माळेचा आहे. ज्याच्यापाशी माळ ओवण्यापुरते रेशीम आहे, त्याच्याकडे नेसण्यापुरते असेलच असे नाही. कापसाचे सूत काढता येत होते एवढे त्या दोऱ्यावरून ठरते; इनामगावसारख्या ठिकाणी भाजक्या मातीच्या चात्या मिळाल्या आहेत, त्यावरून सूतकताई घरोघरी चालत असावी असेही म्हणता येते. पण त्या सुताचे काय विणले, ते किती रुंद होते, कमरेला गुंडाळले की खांद्यावरून घेतले, त्याला रंग होता की नव्हता, मुलाच्या आईने ते कसे खोवले होते, यातले एक अक्षरही तो दोरा बोलत नाही. मराठीत 'सुतावरून स्वर्ग गाठणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. इथे तो अक्षरशः खरा होतो आणि हसूही येत नाही.

इनामगावला मिळालेली एक मातीची स्त्रीमूर्ती बिनडोक्याची आणि विवस्त्र आहे. तिच्यावरून त्या काळच्या बायका वस्त्रे वापरीत नसत असा निष्कर्ष कोणी काढत नाही. आपण म्हणतो, ती देवता आहे, प्रतिमेचे संकेत निराळे असतात. मग कार्ल्याच्या चैत्यातील दंपतीशिल्पे पाहताना हाच विवेक कुठे जातो? पनवेलहून घाट चढून गेले की तासा-दीड तासात कार्ले येते, मुलांच्या सहली तिथे नेहमी जातात. तिथल्या स्त्रियांच्या अंगावर मेखला ठसठशीत आहे आणि वस्त्र जवळजवळ दिसतच नाही. शिल्पकाराला देहाची गोलाई दाखवायची होती, म्हणून कापड त्याने पारदर्शक केले, नुसत्या काठाच्या रेषेने सुचवले. हा कलेचा संकेत झाला. त्यावरून 'सातवाहनकालीन मलमल इतकी तलम होती की...' असे सुरू होणारे वाक्य मी आता ऐकूही शकत नाही. तशीच गत काष्ट्याची. शिल्पांत मागे खोवलेले वस्त्र दिसते, म्हणून 'नऊवारी दोन हजार वर्षांची' अशी छातीठोक विधाने केली जातात. शिल्पात काष्टा दिसतो; वार दिसत नाहीत.

या संदर्भात उत्तर युरोपातील उदाहरण मला फार उद्बोधक वाटले. तिथे आपल्या अगदी उलट परिस्थिती आहे. डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीतील दलदलींत प्राचीन जर्मानिक लोकांची आणि त्यांच्याही पूर्वजांची वस्त्रे सबंधच्या सबंध मिळाली आहेत. डेन्मार्कात हुल्ड्रेमोसे येथे १८७९ साली पीट खणताना एका स्त्रीचा मृतदेह सापडला. अंगावर कातडी अंगरखे, चौकड्यांचा लोकरी घागरा आणि ओढणी. थोर्सबर्गच्या दलदलीत मिळालेली विजार तर शिंप्याच्या कसबाचा नमुना आहे: अनेक तुकडे बेतून शिवलेली, कमरेला पट्ट्यासाठी बंद, खाली पावलांचे मोजे जोडलेले. इतका पुरावा हाती असल्यावर पुनर्रचना निर्धोक व्हायला हवी. तशी ती झाली नाही.

याचे कारण दलदल. तिथले आम्लयुक्त पाणी लोकर आणि कातडे सांभाळते, पण जवसासारखे वनस्पतिजन्य तंतू खाऊन टाकते. त्यामुळे दलदलीतले लोक नुसतीच लोकर आणि कातडी वापरीत असे चित्र उभे राहते. टॅसिटसने 'जर्मानिया'त मात्र लिहून ठेवले आहे की तिथल्या स्त्रिया तागाची वस्त्रे वापरतात आणि त्यांवर जांभळट-तांबडे काम असते. ग्रंथ एक सांगतो, जमीन दुसरेच. पुढे सूक्ष्म तपासणीत हुल्ड्रेमोसेच्या स्त्रीच्या देहावर लोकरीखाली वनस्पतिजन्य वस्त्राच्या खुणा आढळल्या. रंगांचेही तसेच. दलदलीतून निघालेले सारे कापड तपकिरी दिसते, आणि बरीच वर्षे त्या स्त्रीची वस्त्रे लोकरीच्या नैसर्गिक रंगाची मानली जात होती. रासायनिक पृथक्करणानंतर कळले की घागरा निळा आणि ओढणी लाल रंगवलेली होती. तपकिरी रंग तिचा नव्हता, दलदलीचा होता. आपण भूतकाळाचा म्हणून जो रंग मानतो तो पुष्कळदा तो ज्यात पुरला गेला त्या मातीचा असतो.

आणि मातीपेक्षाही गडद रंग राष्ट्राभिमानाचा. शिंगवाली शिरस्त्राणे घातलेला जर्मानिक योद्धा जगाच्या मनात बसला तो उत्खननाने नव्हे. १८७६ साली बायरॉइटला वाग्नरची 'रिंग' नाट्यमाला झाली, तिच्यासाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी केलेल्या वेशभूषेचा त्यात मोठा वाटा आहे. नाझी राजवटीत हाच 'पूर्वजांचा पोशाख' प्रचाराच्या कामी लागला. म्हणजे पुरावा नसताना चुका होतात आणि पुरावा भरपूर असतानाही होतात, फक्त निराळ्या. आपल्याकडे पुरावा नाही हे निमित्त पुढे करून सुटका होणार नाही, एवढेच मला यातून दिसते.

आता पुन्हा घरी येऊ. सातवाहनकालीन कापड महाराष्ट्रात मिळत नाही, पण त्या सुमाराचे भारतीय कापड मिळते कुठे? इजिप्तमध्ये. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके आणि म्योस होर्मोस या प्राचीन बंदरांच्या कोरड्या वाळूत सुती कापडाचे तुकडे मिळाले आहेत. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांतील काही भारतीय ठरवले. कशावरून? पिळावरून. इजिप्तमध्ये सूत एका दिशेने पिळत, भारतात उलट; आपल्या सुताचा पीळ रोमन 'झेड' अक्षराच्या मधल्या रेषेसारखा तिरका जातो. 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' ही म्हण ज्याने रचली त्याला पुरातत्त्वाचा गंधही नसणार, पण तो सिद्धान्त मांडून गेला. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'मध्ये कल्याण आणि चौल या आपल्या शेजारच्या बंदरांची नावे आहेत. तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे, हेही त्यात आहे. बेरेनिकेच्या वाळूतला एखादा तुकडा तेरच्या मागावरचा असेल का? असेल, तसे सिद्ध करता येत नाही. पण एक गोष्ट त्या नोंदीत आहे जी आपण वाचत नाही: तगराहून जाणाऱ्या मालात आधी उल्लेख येतो तो साध्या कापडाचा, आणि तेही मोठ्या प्रमाणात. आपल्या नाटकांत, मालिकांत, पाठ्यपुस्तकांतील चित्रांत ते साधे कापड कुठे आहे?

इथेच आपले काम सुरू होते असे मला वाटते. शब्द हाही उत्खननात मिळणारा अवशेषच आहे, आणि तो वाचण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेले असते. मोतीचंद्र यांनी 'प्राचीन भारतीय वेशभूषा' १९५० साली हिंदीत लिहिले. मुंबईच्या संग्रहालयात बसून त्यांनी शिल्पाला शब्द आणि शब्दाला शिल्प लावून पाहिले. लगेच १९५१ साली गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरचा इंग्रजी ग्रंथ आला. दोघेही मुंबईतले. शिवलेले वस्त्र परकीयांनी आणले, आपण फक्त गुंडाळत होतो, हा समज जाण्यासाठी खरे तर ऋग्वेदात सुई आणि शिवणे या दोन्हींचा उल्लेख आहे एवढे पुरे व्हावे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातील नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्रही आहे. पण मराठी विभागांत ही पुस्तके कोण काढून वाचतो? मी तरी त्या चहाच्या प्रसंगानंतर वाचली.

शब्दाचा अवशेष किती बोलका असतो याचे माझे आवडते उदाहरण नाशिकच्या लेण्यातले आहे. उषवदाताने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेखात एक अक्षयनीवी नोंदवली आहे. ३,००० कार्षापण गोवर्धनातील श्रेणींकडे ठेवले: २,००० एका कोलिकनिकायाकडे, दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० दुसऱ्या कोलिकनिकायाकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. २,००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०. आणि लेख म्हणतो, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब एका कवडीनेही चुकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा पैसा आणि कापड यांचा असा नेमका संबंध सांगणारे वाक्य आपल्या सबंध प्राचीन वाङ्मयात मला दुसरे आठवत नाही. (हे 'कोलिक' म्हणजे विणकर, आमच्या उरण-पनवेलची मुले हा शब्द ऐकून हमखास कोळीवाड्याकडे बोट दाखवतात. उत्तरेकडच्या 'कोरी' या विणकर जातीच्या नावात तो शब्द ओळखू येतो. असो.)

भिक्षूचे चीवर कसे असे हे आपल्याला पुष्कळच नेमके ठाऊक आहे. विनयपिटकात तीन वस्त्रे सांगितली आहेत, मगधातील शेतांच्या बांधांसारखी तुकड्यांची जोडणी कशी करावी तेही सांगितले आहे. शिल्पे आहेत, चित्रे आहेत आणि वर दिलेला हिशोब आहे. पाच-सहा बाजूंनी पुरावा एकाच वस्त्राकडे बोट दाखवतो. पण ते चीवर ज्यांच्याकडे ठेवलेल्या पैशांच्या व्याजातून आले, त्या कोलिकनिकायातला विणकर मागावर बसताना काय नेसत होता? शून्य. ज्याने वस्त्र विणले त्याचे वस्त्र इतिहासात नाही. आमच्या एकांकिकेत गावकरी होते, शेतकरी होते, पाणी भरणाऱ्या बायका होत्या. आणि दुकानातून आलेल्या गाठोड्यात त्यांच्यासाठी काही नव्हतेच, राजे आणि दासी यांच्यापलीकडे प्राचीन भारतात माणूस नसतो असा त्या गाठोड्याचा सिद्धान्त होता. 'गाथासप्तशती' हे तर दरबाराबाहेरच्या आयुष्याचे पुस्तक. आम्ही तिला जरीकाठ लावला.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. नाटक ही प्रयोगशाळा नव्हे. कलावंताला स्वातंत्र्य असते. पुराव्याची इतकी कास धरायची तर रंगमंचावर माणसे उभीच करता येणार नाहीत. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. कोणी सातवाहनांवरचे नाटक आजच्या कपड्यांत केले तर मी पहिल्या रांगेत बसेन. माझे भांडण कल्पनेशी नाही. कल्पनेने पुराव्याचा पोशाख चढवण्याशी आहे. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी'मधील 'पिंगा' गाण्यावरून जो वाद झाला त्यात दोन्ही पक्षांनी भरपूर बोलून घेतले. पण चर्चा जवळजवळ सर्वस्वी शालीनतेची आणि घराण्याच्या मानाची झाली; त्या काळची नेसण कशावरून ठरवायची, हा प्रश्न कडेलाच राहिला. आणि पेशवाईबाबत तर दप्तरे आहेत, जमाखर्च आहेत, कापडांची नावे याद्यांतून भरभरून आहेत. तिथे ही कथा, तर सातवाहनांचे काय बोलावे.

मग करावे काय? याचे उत्तर मला पुण्यातच, आणि आपल्याच शास्त्रात सापडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. वि. स. सुकथनकरांनी तिची जी पद्धत बसवली, तिच्यातील एका लहानशा खुणेवर माझे विशेष प्रेम आहे. संपादकाने स्वीकारलेला पाठ जिथे निश्चित नाही, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. संपादक वाचकाला सांगतो: हे मी निवडले आहे, पण मला खात्री नाही. संहिता सलग वाचता येते, आणि तिच्यातील शंकाही डोळ्यांसमोर राहते. एम.ए.ला असताना ती रेघ मला छपाईतला दोष वाटली होती.

याच आवृत्तीतील सभापर्व वस्त्राच्या बाबतीत आणखी काही शिकवते. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादलेल्या त्या पर्वाच्या स्वीकृत संहितेत द्रौपदीचा कृष्णाचा धावा नाही. तो प्रक्षिप्त म्हणून बाहेर ठेवला आहे. वस्त्रामागून वस्त्र निघत राहते ते मात्र आहे. आणि सभेत ओढून आणलेली द्रौपदी 'एकवस्त्रा' आहे. हा शब्द सबंध प्रसंगाचा कणा आहे: एकच वस्त्र, तेही कमरेखाली बांधलेले, रजस्वला स्त्रीचे. दूरदर्शनवर आणि कॅलेंडरांवर आपण जी द्रौपदी पाहतो तिला चोळी आहे, पदर आहे, दागिने आहेत. म्हणजे वस्त्रहरणाआधीच आपण तिला भरपूर वस्त्रे पुरवलेली असतात, आणि व्यासांच्या शब्दातली भीषणता तेवढी आपल्या हातून निघून जाते. पोशाख चुकला तर नुसता इतिहास चुकतो असे नाही. संहितेचा अर्थ चुकतो. आपण साहित्याची माणसे यात का पडावे, याचे मला तरी हेच उत्तर वाटते.

वेशभूषेला नागमोडी रेघ कशी मारणार? रंगमंचावर नाही मारता येत. पण पत्रिकेत मारता येते. संग्रहालयाच्या पुतळ्याशेजारी मारता येते: इथपर्यंत शिल्पाचा आधार, इथून पुढे आमचा अंदाज. पुतळ्याच्या वस्त्राचा अनुमानित भाग न रंगवलेल्या कोऱ्या मांजरपाटाचा ठेवता येतो. पाठ्यपुस्तकातील चित्राखाली एक ओळ घालता येते. डेन्मार्कात तर प्रत्यक्ष प्रयोग होतात. प्राचीन चात्यांच्या वजनाच्या चात्या करून त्यांवर सूत काढतात, कारण चातीच्या वजनावरून सुताच्या जाडीचा अंदाज येतो. आपल्याकडे टकळी अजून घराघरांत आठवणीत आहे, विदर्भात कापूस आहे, सेवाग्रामची परंपरा आहे; इनामगावच्या चातीबरहुकूम भाजक्या मातीची चाती करून सूत काढायला फार मोठा निधी लागत नाही. एका महाविद्यालयाचा मराठी विभाग आणि इतिहास विभाग मिळून एका सत्रात हे करू शकतात. आम्ही अजून केलेले नाही, हे कबूल करतो.

त्या एकांकिकेचे शेवटी काय झाले ते सांगायचे राहिले. प्रयोग भाड्याच्या कपड्यांतच झाला, कारण तीन दिवस उरले होते. पण ती उरणची मुलगी पाणी भरणाऱ्या बाईची भूमिका करत होती. तिने दुकानातली नऊवारी नाकारली आणि घरून आजीचे जुने सुती लुगडे आणून गुडघ्यापर्यंत घट्ट नेसून ती उभी राहिली. प्रेक्षकांत मागून कोणीतरी "हे आगरी नाटक आहे काय?" असे ओरडले आणि हशा झाला. तेव्हा मला तिचा राग आला होता. तेही सातवाहनकालीन नव्हतेच, असे मी तिला नंतर सुनावले. ती म्हणाली, "नसेल सर, पण हे नेसून पाणी भरता येतं. त्यात येत नव्हतं."

मी तिचा मुद्दा तेव्हा टाळला. नेसण कामावरून ठरते, आणि हंडा दोन हजार वर्षांपूर्वीही डोक्यावरच होता, हे म्हणणे पुरावा होत नाही, हे खरेच. पण भाड्याच्या गाठोड्यापेक्षा ते अनुमान अधिक प्रामाणिक होते, आणि त्याचा आधार तिने विचारताक्षणी सांगितला होता. यंदाचे संमेलन जानेवारीत आहे. मुलांनी पुन्हा एक ऐतिहासिक विषय घेतला आहे आणि समितीने कपड्यांची आगाऊ रक्कम त्याच दुकानात भरूनही टाकली आहे. पत्रिकेत चार ओळींची जागा मात्र मी मागून घेतली आहे. त्या ओळी लिहिण्याचे काम त्या मुलीकडे, आता ती तृतीय वर्षाला आहे, दिले आहे. पहिला कच्चा मसुदा आला आहे आणि त्यात 'कशावरून' हा शब्द तीनदा आहे.